जपानमध्ये त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना : बिल किती, ते वाढतं कुठे आणि वाचतं कुठे

तोक्योतल्या एखाद्या साध्या त्वचारोग दवाखान्यात तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी, आरोग्यविमा घेऊन पहिल्यांदा गेलात आणि डॉक्टरांनी तपासून मलम लिहून दिलं, तर तुमच्या खिशातून साधारण १,०५० येन जातात. ओसाकात गेलात तरी तेवढेच, होक्काइदोच्या एखाद्या गावात गेलात तरी जवळपास तेवढेच. १०० येन म्हणजे ५५ ते ६० रुपये धरले, तर सहाशे रुपयांच्या आसपास. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच त्वचारोगतज्ज्ञांची नुसती तपासणी फी आज याहून जास्त आहे.

तरीही जपानला नव्याने आलेली मराठी मंडळी दवाखान्यात जायचं टाळतात. घरून आणलेल्या ट्यूबवर महिनोन् महिने काढतात आणि खाज रात्री झोपू देईनाशी झाली की मग धावतात. भाषेची धास्ती असते आणि ‘परदेशात डॉक्टर म्हणजे दिवाळं’ हा अमेरिकेवरून ऐकलेला समजही असतो. जपानमध्ये विम्यातल्या उपचाराचे दर डॉक्टर ठरवत नाहीत, सरकारचं छापील दरपत्रक ठरवतं. ते दरपत्रक कसं वाचायचं आणि त्याच्या बाहेर पाऊल कधी पडतं, एवढं कळलं की बिलाची भीती उरत नाही.

आधी विम्याचं

तीन महिन्यांहून अधिक काळाचा निवासी व्हिसा असेल तर आरोग्यविमा सक्तीचा आहे. नोकरदारांना तो कंपनीमार्फत मिळतो, त्याला ‘शाकाइ होकेन’ म्हणतात. विद्यार्थी, स्वतंत्र व्यावसायिक वगैरेंनी वॉर्ड किंवा नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन ‘कोकुमिन केन्को होकेन’ घ्यायचा असतो. दोन्हींत उपचाराचा दर एकच. शाळेत जाणाऱ्या वयापासून ६९ वर्षांपर्यंत ३० टक्के आपण भरायचे, उरलेले ७० टक्के विमा भरतो. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना २० टक्के.

मुलांच्या बाबतीत याहून चांगली सोय आहे. जवळपास प्रत्येक नगरपालिका मुलांचा वाटा पूर्ण किंवा बराचसा उचलते. तोक्योच्या २३ वॉर्डांत एप्रिल २०२३ पासून बारावीच्या वयापर्यंतची विम्यातली तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तोक्योतल्या निशी-कासाइ भागातल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच मुलाच्या घामोळ्यासाठी किंवा इसबासाठी दवाखान्यात एक येनही द्यावा लागत नाही. त्यासाठी वॉर्डाने दिलेलं वैद्यकीय कार्ड खिडकीवर दाखवावं लागतं. तोक्योबाहेर काही ठिकाणी दर भेटीला काहीशे येन द्यावे लागतात. घर बदललं तर नव्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात चौकशी करा.

२ डिसेंबर २०२४ पासून जुन्या पद्धतीचं विमाकार्ड नव्याने देणं बंद झालं आहे. आता ‘माय नंबर’ कार्डावरच विम्याची नोंद करायची असते. ज्यांनी ती केलेली नाही त्यांना ‘शिकाकु काकुनिनशो’ नावाचं पात्रतेचं प्रमाणपत्र मिळतं. दोन्ही घरी विसरलात तर दवाखाना पूर्ण १०० टक्के रक्कम घेऊ शकतो. त्याच महिन्यात पावतीसकट कार्ड नेऊन दाखवलं तर बहुतेक दवाखाने फरक परत करतात. ती मुदत हुकली तर विमा संस्थेकडे अर्ज करावा लागतो. त्याला दोन वर्षांची मुदत असते.

बिल कसं वाचायचं

पैसे भरल्यावर दोन कागद हातात येतात. एक पावती आणि दुसरा ‘मेइसाइशो’, म्हणजे बाबवार तपशील. दुसरा कागद फेकू नका. त्यावर प्रत्येक गोष्टीपुढे गुण लिहिलेले असतात आणि एक गुण म्हणजे १० येन. म्हणजेच गुणांना तीनने गुणलं की तुमचा वाटा निघतो, कारण दहा येनचे ३० टक्के तीन येन होतात. बेरीज शेवटी जवळच्या दहा येनला धरतात.

खालचे आकडे जून २०२४ च्या दरपत्रकातले आहेत. ते साधारण दर दोन वर्षांनी सुधारलं जातं, तेव्हा चार-दहा गुण इकडेतिकडे होतील. याशिवाय काही दवाखान्यांत डिजिटल सोयी किंवा कर्मचाऱ्यांची पगारवाढ अशा नावांनी एक-दोन आकडी गुण वाढतात. येनमध्ये थेट तुमचा वाटा दिला आहे, ३० टक्क्यांच्या हिशेबाने.

• पहिली तपासणी : २९१ गुण, सुमारे ८७० येन
• पुढची तपासणी : ७५ गुण, सुमारे २३० येन. नुसतं बोलून-तपासून झालं तर आणखी ५२ गुण, सुमारे १६० येन
• औषधाची चिठ्ठी : ६० गुण, १८० येन
• संध्याकाळ, शनिवार दुपार, रविवार : ५० गुण, १५० येन जादा
• बुरशीसाठी खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी : सुमारे ६५० येन
• तीळ किंवा डाग डर्मोस्कोपने पाहणे : ७२ गुण, सुमारे २२० येन
• चामखीळ गोठवणे : तीनपर्यंत ६३० येन, चार किंवा जास्त असल्यास ८१० येन
• ३९ पदार्थांची अ‍ॅलर्जी रक्तचाचणी : रक्त काढणे वगैरे धरून सुमारे ४,८५० येन
• अरुंद पट्ट्याच्या अतिनील किरणांचा उपचार : दर वेळी १,०२० येन
• मोठ्या रुग्णालयासाठी शिफारसपत्र : ७५० येन

शनिवारी बारानंतर किंवा कामाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर दवाखाना नेहमीप्रमाणे उघडा असला तरी जादा गुण लागू शकतात. अर्धा दिवस रजा टाकण्यापेक्षा १५० येन परवडतात. पण रोज घरी असणाऱ्यांनी शनिवार दुपारच्या गर्दीत जाऊन जादा पैसे द्यायचं कारण नाही.

जुन्या, चिवट आजारांना आणखी एक ओळ लागते. सोरायसिस असेल तर महिन्यातून एकदा ‘विशेष मार्गदर्शन’ म्हणून २५० गुण, आणि अंगावर पित्त उठणं, नागीण, कोड, चाई किंवा मोठ्यांचं अ‍ॅटोपिक इसब असेल तर १०० गुण धरले जातात. तुमच्या वाट्याला ७५० किंवा ३०० येन येतात. गेल्या वेळेपेक्षा बिल जास्त का, असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा याच ओळीत सापडतं.

औषधाचं दुकान : दुसरी खिडकी

बहुतेक दवाखाने औषध स्वतः देत नाहीत, चिठ्ठी देतात. ती लिहिल्याच्या दिवसापासून चारच दिवस चालते आणि मधले सुटीचे दिवसही त्यात मोजतात. गोल्डन वीकच्या सलग सुट्यांच्या आदल्या दिवशी दवाखान्यात गेलात तर औषध त्याच दिवशी घेऊन टाका, नाही तर चिठ्ठीसाठी पुन्हा जावं लागेल.

चिठ्ठीवर औषध देणाऱ्या दुकानाचीही फी असते. दुकानाचं मूळ शुल्क, औषध तयार करण्याचं शुल्क, औषधविक्रेत्याने समजावून सांगण्याचं शुल्क, सगळं मिळून तुमच्या वाट्याला साडेतीनशे-चारशे येन येतात. त्यात औषधाची किंमत मिळवायची. साधं स्टिरॉइड मलम आणि कोरड्या त्वचेचं मॉइश्चरायझर यांची भर पडून पहिल्या भेटीचा दोन्ही खिडक्यांचा खर्च दोन हजार येनच्या आत-बाहेर येतो.

इथे काही गोष्टी लक्षात ठेवल्या तर पैसे वाचतात.

‘ओकुसुरी-तेच्यो’ म्हणजे औषधांची वही. दुकानात ती फुकट मिळते. तीन महिन्यांच्या आत त्याच दुकानात ही वही घेऊन गेलात तर समजावण्याचं शुल्क कमी लागतं. बचत चाळीसेक येनचीच, पण वहीचा खरा फायदा वेगळा आहे. तुम्हाला कुठलं स्टिरॉइड किती दिवस दिलं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे दुसऱ्या डॉक्टरला जपानी न बोलता कळतं.

जेनेरिक मागा. ऑक्टोबर २०२४ पासून, जेनेरिक उपलब्ध असताना स्वतःच्या हट्टाने जुन्या ब्रँडचं औषध मागितलं तर किमतीतल्या फरकाचा काही भाग विम्याबाहेर भरावा लागतो. त्वचारोगात हे जास्त जाणवतं, कारण हिरुडॉइडसारखं मॉइश्चरायझर मोठ्या प्रमाणात लागतं. डॉक्टरांनीच वैद्यकीय कारणाने ब्रँड लिहून दिला तर हा भुर्दंड पडत नाही.

आजार स्थिर असेल तर ‘रिफिल’ चिठ्ठी मिळते का ते विचारा. ही सोय एप्रिल २०२२ पासून सुरू झाली. एकच चिठ्ठी तीन वेळांपर्यंत वापरता येते, त्यामुळे नुसत्या मलमासाठी दवाखान्याची फेरी आणि तपासणी फी वाचते. सगळेच डॉक्टर देत नाहीत, तरी विचारायला हरकत नसते.

कोणत्या तक्रारीला किती

*चिखल्या आणि गजकर्ण.* जूनच्या त्सुयुमध्ये, म्हणजे जपानच्या पावसाळ्यात, दिवसभर बंद बूट घालून पायाला चिखल्या होतात. दुकानात मिळणारं बुरशीचं मलम हजार-दीड हजार येनला पडतं आणि निदान चुकलं तर ते पैसे पाण्यात जातात. दवाखान्यात खरवड तपासून लगेच कळतं की बुरशी आहे की नुसतं इसब. मात्र तपासणीच्या आधी स्वतः मलम लावू नका. बुरशी दबते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि निदान निसटतं.

भारतीयांनी इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची असते. आपल्याकडे गेल्या दशकात पसरलेला चिवट गजकर्ण टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला अनेकदा दाद देत नाही. त्यामागच्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव २०२० मध्ये जपानी संशोधकांनीच दिलं, तेही जपानमधल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून. तेव्हा भारतातून नुकतेच आला असाल, घरात आणखी कोणाला गजकर्ण असेल, किंवा स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावून झालं असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा. नाही तर नेहमीच्या औषधावर महिनाभराचा खर्च वाया जातो.

*थंडीतली खाज आणि इसब.* तोक्योचा हिवाळा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्वचेला मानवत नाही. हवा कोरडी, त्यात हीटर आणि रोजचं कढत पाण्याचं टब-स्नान. पोटऱ्या आणि कंबर पांढरट पडून खाजायला लागतात. इथे खर्च कमीच असतो, पहिल्या भेटीचे दोन हजार आणि पुढच्या भेटीचे त्याहून कमी. डॉक्टर स्टिरॉइडच्या पाच पायऱ्यांपैकी योग्य ती निवडतात. चेहऱ्यासाठी सौम्य, तळव्यासाठी जहाल. वेगवेगळ्या जागांच्या ट्यूबवर कुठे लावायचं ते चिकटवलेलं असतं, ते मोबाइलवर भाषांतर करून नीट वाचा. चेहऱ्याची आणि पायाची ट्यूब बदलली तर स्वस्तातला उपचार महाग पडतो.

*वसंतातली चेहऱ्याची आग.* फेब्रुवारी ते एप्रिल सुगी, म्हणजे जपानी देवदाराचे परागकण उडतात. पापण्या आणि मान लाल होते. पहिल्या वर्षी काही होत नाही, दोन-तीन वसंत झाले की सुरू होतं. प्रत्येकाला ३९ पदार्थांच्या चाचणीची गरज नसते. डॉक्टरांना फक्त सुगीची आणि आणखी दोन-चार गोष्टींची तपासणी पुरेशी वाटत असेल तर खर्च निम्म्याहून कमी होतो, कारण सुटी चाचणी दर पदार्थाला ११० गुणांची असते.

*अंगावर पित्त उठणे.* गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त आहेत. डाग दवाखान्यात पोहोचेपर्यंत मावळतात, तेव्हा घरीच फोटो काढून ठेवा.

*मुरुम.* पूर्वी विम्यात फार औषधं नव्हती. अ‍ॅडापलीन २००८ मध्ये आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २०१५ मध्ये आलं, आता दोन्ही विम्यात मिळतात. आपल्याकडे हट्टी मुरुमांना दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांना मात्र जपानमध्ये मान्यताच नाही. सौंदर्य दवाखाने त्या विम्याबाहेर देतात. भारतातून कुरिअरने किंवा बॅगेतून मागवायचा विचार करू नका, या औषधाच्या वैयक्तिक आयातीवर खास बंधन आहे.

*चामखीळ.* द्रव नायट्रोजनने गोठवतात. एका भेटीचे ८६० येनच्या आसपास, पण तळपायाची चामखीळ एका भेटीत जात नाही. दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं, तेव्हा आठ-दहा हजारांची तयारी ठेवा. तळपायाची भोवरी आणि चामखीळ सारखीच दिसते, म्हणून दुकानातली आम्लपट्टी चिकटवण्याआधी एकदा दाखवून घ्या.

*नागीण.* अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड आणि ठणका असेल तर शनिवार-रविवार, जादा गुण, काही पाहू नका. विषाणूविरोधी गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या चांगल्या. जुन्या औषधाचं जेनेरिक चालेल का, एवढं मात्र विचारा, नव्या गोळ्यांचा तुमचा वाटा काही हजारांत जातो.

*सोरायसिस, कोड आणि अवघड अ‍ॅटोपी.* अतिनील किरणांच्या उपचाराला दर वेळी १,०२० येन लागतात, पण आठवड्यातून एक-दोनदा जायचं म्हटलं की महिन्याची बेरीज वाढते. डुपिलुमॅबसारख्या इंजेक्शनचा तुमचा वाटा एका सुईला पंधरा हजारांच्या पुढे असतो. इथे ‘कोगाकु र्‍योयोहि’, म्हणजे महिन्याच्या वैद्यकीय खर्चाची कमाल मर्यादा, उपयोगी पडते. २०२५ मधल्या नियमाप्रमाणे मधल्या उत्पन्नगटाला ही मर्यादा सुमारे ८०,१०० येनपासून पुढे होती, आणि वर्षात तीन महिने ती गाठली की चौथ्या महिन्यापासून ४४,४००. तीन महिन्यांचं औषध एकाच महिन्यात घेतल्याने मर्यादा लवकर गाठता येते. डॉक्टरांशी याबद्दल मोकळेपणाने बोला, त्यांना हा प्रश्न नवा नसतो.

रेषेच्या पलीकडे : विम्याबाहेरचा उपचार

इथपर्यंत दर छापील होते. आता त्या छापील कागदाची हद्द संपते. ‘हिफुका’ म्हणजे त्वचारोग आणि ‘बियो-हिफुका’ म्हणजे सौंदर्योपचार. एकाच पाटीवर दोन्ही लिहिलेलं असतं, डॉक्टरही एकच असतात, पण बिलं वेगळी. आजार असेल तर विमा, दिसण्यासाठी असेल तर स्वतःच्या खिशातून. स्वतःच्या खिशातून म्हणजे ‘जिही’. यात दर दवाखाना ठरवतो आणि वर १० टक्के उपभोग कर लागतो. विम्यातल्या उपचाराला हा कर नाही.

रेषा कुठे पडते, याची काही उदाहरणं.

चाई, म्हणजे केस गोल चकत्यांनी गळणं, विम्यात. पुरुषांचं वारशाने येणारं टक्कल विम्याबाहेर, गोळ्यांचा खर्च महिन्याला काही हजार येन. जन्मजात निळसर डाग, ज्याला ओताचा नेव्हस म्हणतात, त्याचा लेझर विम्यात. उन्हाने आलेले तपकिरी डाग विम्याबाहेर. तीळ संशयास्पद वाटला, डोळ्यासमोर येत असला किंवा कपड्याला घासून रक्त येत असलं तर विम्यात काढता येतो. उघड्या भागावरचा दोन सेंटिमीटरच्या आतला असला तर शस्त्रक्रियेचा तुमचा वाटा ४,९८० येन, शिवाय काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचे तीनेक हजार. नुसता आवडत नाही म्हणून काढायचा तर दवाखान्याचा स्वतःचा दर. काखेतल्या अति घामाला मलमं आणि तीव्र असेल तर बोटॉक्सही विम्यात मिळतं, सुरकुत्यांसाठीचं बोटॉक्स नाही.

वांग हा आपल्याकडच्या स्त्रियांना सर्वांत जास्त भेडसावणारा विषय. त्याचा उपचार बहुतेक ठिकाणी विम्याबाहेर असतो. इथे पैशापेक्षा मोठा प्रश्न त्वचेच्या रंगाचा आहे. जपानी दवाखान्यांच्या यंत्रांची नेहमीची मात्रा गोऱ्या त्वचेवर बेतलेली असते. सावळ्या त्वचेवर तीच मात्रा मारली तर डाग जाण्याऐवजी गडद होऊ शकतो, आणि वांगावर जोरदार लेझर तर मुळातच जपून वापरायचा. लेझर घ्यायचाच असेल तर कानामागे किंवा जबड्याखाली लहानशी चाचणी करून, काही आठवडे थांबून मग पुढे जा. सावळ्या त्वचेवर काम केल्याचा अनुभव आहे का, हा प्रश्न विचारायला संकोच नको. ‘आज सही केलीत तर सवलत’ असं कोणी म्हणालं तर सही न करता घरी यायचं. कोर्सचे पैसे आगाऊ भरण्याआधी मध्येच थांबलो तर किती परत मिळतील, ते लेखी घ्या.

आणखी एक नियम. एकाच आजाराच्या एकाच उपचारात विम्यातलं आणि विम्याबाहेरचं एकत्र करता येत नाही. ‘मलम विम्यात द्या आणि सोबत लेझर माझ्या पैशाने’ असं सांगितलं तर दवाखाना नकार देईल किंवा दुसऱ्या दिवशी बोलावेल. त्यांचा आडमुठेपणा समजू नका, कायदा तसा आहे.

थेट मोठ्या रुग्णालयात जाऊ नका

आपल्याकडे ‘मोठं हॉस्पिटल म्हणजे चांगला डॉक्टर’ असा हिशेब असतो. इथे शिफारसपत्राशिवाय मोठ्या रुग्णालयात गेलात तर पहिल्या भेटीला विम्याबाहेर किमान ७,००० येन जादा पडतात. ऑक्टोबर २०२२ पासून हा आकडा वाढवला आहे. आधी गल्लीतल्या दवाखान्यात जा, गरज पडली तर ७५० येनच्या ‘शोकाइज्यो’वर, म्हणजे शिफारसपत्रावर, ते तुम्हाला पुढे पाठवतील.

दवाखाना शोधायला एप्रिल २०२४ पासून देशभरासाठी ‘नावी’ नावाची सरकारी शोधसेवा आहे, त्यात परदेशी भाषेच्या सोयीनुसार गाळणी लावता येते. तोक्योत ‘हिमावारी’ ही वैद्यकीय माहितीसेवा इंग्रजीत बोलते. इंग्रजी बोलणारा डॉक्टर जपानी बोलणाऱ्यापेक्षा महाग नसतो, विम्यात असेल तर दर तोच. परदेशी लोकांसाठीच म्हणून चालवलेले काही दवाखाने मात्र विमा घेतच नाहीत. वेळ ठरवण्याआधी हे विचारून घ्या.

आई-वडील भेटीला आले तर

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या दिवसांत आलेल्या आई-बाबांना पर्यटक व्हिसावर इथला विमा मिळत नाही. पूर्ण १०० टक्के भरावे लागतात, आणि विमा नसलेल्यांसाठी काही रुग्णालयं याहून जास्त दर लावतात. निघण्याआधी प्रवासविमा काढा, त्वचेचा जुना आजार असेल तर तो पॉलिसीत धरलाय का तेही पाहा. त्यांची रोजची औषधं आणायला हरकत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरती, इतर औषधं दोन महिन्यांपुरती, चिठ्ठीशिवायची मलमं दर प्रकाराला २४ नग. यापेक्षा जास्त असेल तर आधी परवानगीपत्र लागतं.

जाण्याआधीची तयारी

माय नंबर कार्ड किंवा पात्रतेचं प्रमाणपत्र, मुलांचं वैद्यकीय कार्ड आणि रोख रक्कम जवळ ठेवा. अनेक लहान दवाखान्यांत अजूनही क्रेडिट कार्ड चालत नाही, तीन ते पाच हजार येन पुरतात. भारतातून आणलेलं प्रत्येक मलम बरोबर न्या, पण डॉक्टरांसाठी त्यावरचं रासायनिक नाव इंग्रजीत लिहून. ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. चेहऱ्याची तक्रार असेल तर मेकअप नको, नखाची असेल तर नेलपॉलिश नको.

गेल्यावर ‘मोनशिनह्यो’ हा प्रश्नांचा फॉर्म भरायला देतात. आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीच्या कामासाठीची कानागावाची एक संस्था बऱ्याच भाषांत असे फॉर्म तयार करते, इंग्रजी-जपानी जोडफॉर्म घरीच भरून नेला तर अर्ध्याहून अधिक बोलणं संपतं. डॉक्टरांबरोबरचा वेळ तीन-पाच मिनिटांचाच असतो, तेव्हा कधीपासून, कुठे, काय लावलं, हे एका कागदावर लिहून ठेवा. उरलेलं काम थोड्या शब्दांवर भागतं. खाज म्हणजे कायुइ, चुरचुर म्हणजे हिरिहिरि, मुरुम म्हणजे निकिबि, इसब म्हणजे शिश्शिन, पित्ताच्या गांधी म्हणजे जिन्माशिन, चिखल्या म्हणजे मिझुमुशि, चामखीळ म्हणजे इबो, तीळ म्हणजे होकुरो.

पावत्या वर्षभर एका पाकिटात टाका. घरातल्या सगळ्यांचा मिळून खर्च वर्षाला १ लाख येनच्या पुढे गेला तर आयकरात वजावट मिळते, आणि राहून गेलं असेल तर मागच्या पाच वर्षांचा परतावा मागता येतो. उत्पन्न कमी असेल तर मर्यादा याहूनही खाली येते. सौंदर्योपचाराचा खर्च मात्र यात धरत नाहीत.

आणि डॉक्टरांनी उपचार सुचवला की हो म्हणण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, ‘होकेन देस का, जिही देस का?’ विम्यात आहे म्हणाले तर बिल या लेखातल्या आकड्यांच्या आसपास राहील. खिशातून आहे म्हणाले तर लेखी अंदाज घ्या, घरी जा, दुसऱ्या एका दवाखान्याचा दर विचारा आणि मग ठरवा. वांग, तीळ, टक्कल यांपैकी कशालाही आठवडाभर थांबल्याने बिघडत नाही. नागिणीला, पसरणाऱ्या लालीला, ताप आणणाऱ्या फोडांना बिघडतं, आणि ही सगळी विम्यात आहेत.